पकड सुधारा, कोपर सांभाळा

चाळिशीनंतर बॅडमिंटन सुरू केलेले अनेक जण कोपर धरून माझ्याकडे येतात. मीही त्यातलाच! बहुतेकदा दोष रॅकेट सतत आवळून धरण्याचा असतो. शटल जेमतेम ५ ग्रॅमचे. पण मूठ घट्ट राहिली की मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचे कोपराच्या बाहेरील हाडावरचे मूळ दुखावते. हाच ‘टेनिस एल्बो’.

मी सामने थांबवले. दुखणे ओसरल्यावर रोज २० मिनिटे भिंतीसमोर केवळ पकडीचा सराव केला : रॅकेट हस्तांदोलनासारखी सैल धरायची, फटक्याच्या क्षणीच आवळायची. कोपर बरे झाले, खेळही सुधारला.

वाचकहो, वेदनाशामक गोळी घेऊन खेळू नका. दोन आठवड्यांत आराम न पडल्यास डॉक्टरांना दाखवा.