ट्रॉलीचा हौदा उचलतांना लागणारे वेगळ्या मापाचे बोल्ट

शेतकऱ्याच्या घरीं बीं-बियाणें, खत आणि पाणी यांविषयीं जितका विचार होतो, त्याच्या शतांशही विचार गाडीच्या बोल्टाविषयीं होत नाहीं. बोल्ट ही स्वस्त वस्तु. हरवला तर दुसरा आणावा, लांबीस कमी पडला तर त्यास जोड द्यावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीपायीं आमच्या घरचें जें नुकसान झालें, व त्याहून मोठा जो अनर्थ थोडक्यांत टळला, तो प्रथम सांगून, अशा कामीं माप कसें घ्यावें, माल कोठें पाहावा व करवून घेणें भाग पडल्यास कसा करवून घ्यावा, हें आम्ही येथें क्रमानें सांगणार आहों. आम्ही मिस्त्री नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले शेतकरी आहों. पण ठेंच लागून शिकलेलें शहाणपण दुसऱ्यास सांगण्यास मिस्त्री असावें लागत नाहीं.

2019 सालीं पंचगंगेस महापूर आला, हें करवीर व शिरोळ तालुक्यांतील वाचकांस सांगावयास नको. पूर ओसरल्यावर शेतांतील गाडीवाटांचें रूप पार पालटलें. चाकोऱ्या खोल गेल्या आणि त्यांत गाळ बसला. त्या हंगामांत उंसाची वाहतूक करतांना ट्रॉलीची चाकें रुतूं लागलीं, म्हणून आमच्या धाकट्या बंधूंनीं मोठे टायर घातले. (आम्ही त्या वेळीं नोकरींतच होतों, शेती बंधु पाहत.) टायर मोठे झाल्यावर ते हौद्याच्या तळास घासूं लागले. तेव्हां चासी आणि हौदा यांच्यामध्यें तीन इंची लांकडी ठोकळे घालून हौदा उचलण्याचें ठरलें. हौदा आठ बोल्टांनीं बसविलेला होता. जुने बोल्ट अर्थातच आंखूड पडले. हंगामाची घाई होती. गांवाजवळच्या एका वर्कशॉपमध्यें दोन-दोन बोल्टांचे तुकडे वेल्ड करून एकेक लांब बोल्ट तयार करून दिला, आणि अर्ध्या दिवसांत ट्रॉली रस्त्यावर आली.

पंधरा दिवस कांहीं झालें नाहीं. सोळाव्या दिवशीं भरलेली ट्रॉली ओढ्याच्या उतारावर तिरपी होतांच डाव्या बाजूचे दोन बोल्ट तुटले, हौदा ठोकळ्यांवरून घसरला आणि सर्व ऊंस ओढ्यांत गेला. तोडणीच्या टोळींतील एक बाई आपल्या मुलासह त्याच ट्रॉलीवर बसून येणार होती. निघतां निघतां ती मागच्या बैलगाडींत बसली, एवढ्यावरच निभावलें. तुटलेले बोल्ट आम्हीं दुसऱ्या दिवशीं हातांत घेऊन पाहिले. वेल्डिंग केवळ कडेनें अंगठीसारखें लागलें होतें. आंतील गाभा जोडलाच गेला नव्हता. वरून कानस मारल्यामुळें तो जोड दिसतही नव्हता.

मापांचा घोळ कां होतो?

आमच्याकडील कारागीर माप सुतांत सांगतो. आठ सुतांचा एक इंच. म्हणून चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, व पांच सुती म्हणजे पांच-अष्टमांश इंचाचा. बाजारांत मात्र आज बहुतेक माल मिलिमीटरचा आहे. पांच सुती बोल्टाची जाडी 15.9 मिलिमीटर भरते, व 16 मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांस अगदीं तसाच दिसतो. येथेंच फसगत होते, कारण जाडी जुळली तरी आटे जुळत नाहींत.

आट्यांची हकीकत थोडक्यांत अशी. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें 1841 सालीं आट्यांचें एक ठराविक प्रमाण सुचविलें. त्यांत आट्याचा कोन 55 अंशांचा. विलायती यंत्रांबरोबर तें प्रमाण इकडे आलें, आणि इंजिनें, चरक व नांगर बनविणाऱ्या आमच्या कारखान्यांत रुळलें. अमेरिकेंत 60 अंशांचा कोन चालू झाला. 1948 सालीं अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनीं मिळून 60 अंशांचें एक इंची प्रमाण मान्य केलें. आपल्या देशांत 1956 च्या वजन-मापांच्या कायद्यानें मीटरचें मान आलें. याचा परिणाम असा कीं, एकाच गांवांत इंची आट्यांचा जुना मॅसी फर्ग्युसन, मिलिमीटरच्या आट्यांचा एचएमटी झेटर आणि व्हिटवर्थ आट्यांचें एखादें जुनें इंजिन शेजारीं-शेजारीं उभीं असतात, व तिघांचे बोल्ट एकाच डब्यांत पडलेले असतात.

माप घेण्याची रीत

माप घेतांना पुढील चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या. तोंडीं सांगूं नये.

पहिली, जाडी. ती आट्यांच्या माथ्यावर कॅलिपरनें मोजावी. झिजलेल्या जागेवर मोजूं नये.

दुसरी, आट्यांचें अंतर. पट्टी लावून दहा आट्यांचें अंतर मोजावें. 16 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टावर तें 20 मिलिमीटर भरेल; पांच सुती व्हिटवर्थ बोल्टावर एका इंचांत 11 आटे असल्यामुळें तेंच सुमारें 23 मिलिमीटर भरेल. नट हातानें दोन फेरे फिरला म्हणजे जुळला असें समजूं नये. दोन फेरे कोणताही नट फिरतो. पुढें अडला कीं पान्यानें रेटणारा मनुष्य दोहोंचे आटे खातो.

तिसरी, लांबी. ही डोक्याच्या खालून शेवटापर्यंत मोजावयाची. आमच्या ट्रॉलीचा हिशेब उदाहरणादाखल देतों. मधली उचल 75 मिलिमीटर, वरच्या व खालच्या चॅनेलची जाडी प्रत्येकीं 8 प्रमाणें 16, दोन वॉशर मिळून 6, नट 15, आणि नटाबाहेर निदान दोन आटे निघावे म्हणून 5. एकूण 117 मिलिमीटर. बाजारांत 120 चा बोल्ट तयार मिळतो! म्हणजे ज्या बोल्टासाठीं बंधूंनीं वेल्डिंग करविलें, तो दुर्मिळ नव्हताच. कोणीं बेरीज केली नव्हती, इतकेंच. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. दहांपैकीं कित्येक वेळां आपलें "वेगळें माप" हें न मोजलेलें माप असतें.

चवथी, आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्याची लांबी. जेथें दोन लोखंडें एकमेकांवर सरकूं पाहतात, त्या जागीं बोल्टाचा गुळगुळीत दांडा यावा, आटे येऊं नयेत. आट्याची खांच ही बोल्टाची सर्वांत कमजोर जागा होय. याच कारणास्तव अथपासून इतिपर्यंत आटे असलेली जी सळई दुकानांत मिळते, ती पत्रा किंवा पाइप टांगण्यास ठीक; हौद्यास लावूं नये.

डोक्यावरील आंकडे

चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर 4.6, 8.8 किंवा 10.9 असे आंकडे उठविलेले असतात. हें माप नव्हे, तर बळ होय. पहिल्या आंकड्यास शंभरानें गुणिलें म्हणजे दर चौरस मिलिमीटरास किती न्यूटन ओढीनें तो तुटेल तें कळतें. दुसरा आंकडा, त्या ओढीच्या किती दशांशांवर तो कायमचा ताणला जाईल, हें सांगतो. यावरून 4.6 चा बोल्ट 240 वर ताणला जातो, व 8.8 चा 640 वर. म्हणजे एकाच जाडीच्या दोन बोल्टांच्या बळांत अडीच पटींहून अधिक अंतर पडतें. हौद्यासाठीं 8.8 हून कमी घेऊं नये, आणि नट व वॉशरही त्याच तोलाचे घ्यावे. डोकें कोरें असेल तर तो बोल्ट साध्या लोखंडाचा समजावा.

करवून घेणें भाग पडल्यास

जुन्या जीपची किंवा इंची भोंकांची गोष्ट असेल, अथवा डोकें चौकोनी किंवा चपटें हवें असेल, तर मात्र बोल्ट करवून घ्यावा लागतो. या बाबतींत कोल्हापुरकर भाग्यवान आहेत. शिवाजी उद्यमनगरांत लेथवर बसलेला टर्नर एक बोल्टही करून देतो.  शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांचें मूळही याच लहान कारागिरींत आहे.

टर्नरास साधी सळई आणून देऊं नये. "इएन-8" जातीचें पोलाद मागावें. त्यास पाणी चढवून मग योग्य तितकें उतरविलें म्हणजे तें उत्तम चिवट होतें. केवळ पाणी चढवून उतरविलें नाहीं, तर बोल्ट कांचेसारखा कडकन् तुटतो. डोकें वेल्ड करून चिकटविलेलें नसावें. जाड सळई तासून किंवा लाल करून ठोकून तें एकाच अंगाचें केलेलें असावें. डोकें व दांडा यांच्या सांध्यांत धारदार कोपरा न ठेवतां किंचित् गोलाई ठेवावी. तयार 8.8 चा बोल्ट मात्र कधींही लाल करूं नये. तसें केल्यास आंकडा डोक्यावर राहतो व बळ निघून जातें. कारखान्यांतील आटे बहुधा दाबून उठविलेले असतात, लेथवरील आटे कापलेले असतात; म्हणून तयार माल मिळत असेल तोंवर तोच घ्यावा.

बसविण्याविषयीं

आम्हीं तुटके बोल्ट उद्यमनगरांतील एका वृद्ध टर्नरास दाखविले. त्यांनीं ते उलटसुलट करून पाहिले व म्हणाले, "भाऊसाहेब, बोल्ट आधी ढिला हुतोय, मग तुटतोय. ढिल्याकडं कुणी बघत न्हाई. तुटल्यावर समदी येत्यात." या एका वाक्यांत सर्व शास्त्र आहे. घट्ट आवळलेला बोल्ट दोन लोखंडांस एकमेकांवर दाबून धरतो, व त्या घर्षणावर भार तोलला जातो. बोल्ट ढिला झाला कीं हौदा प्रत्येक खड्ड्यागणिक हलतो, बोल्ट इकडून तिकडे वांकतो, आणि वांकून वांकून आट्याच्या खांचेंत चीर पडते. लांकडी ठोकळा उन्हानें वाळून आकसतो व आवळ आपोआप जातो; शिवाय उचल जितकी अधिक, तितका बोल्ट वांकविणारा जोरही अधिक. म्हणून ठोकळे लांकडाचे नसून जाड लोखंडी पेटीचे असावे व ते चासीस पक्के असावे. पहिल्या खेपेनंतर, आठवड्यानें व पुढें दर महिन्यास सर्व नट आवळावे. नटावर व बोल्टावर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं नट फिरला असें समजावें.

उचलावें कीं नाहीं?

शेवटीं मूळ प्रश्न. गाडीचा मध्यभार जितका वर जाईल, तितकी ती कमी तिरपेपणांत उलटते. उंसाची भरलेली ट्रॉली आधींच उंच असते. तिला आणखी तीन इंच देणें म्हणजे बांधावरचा धोका विकत घेणें होय. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील बनविणाऱ्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे, व जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच अर्थाचा निर्णय दिला आहे. अपघातानंतर विम्याचा कागद पुढें केला असतां हा बदल आड येऊं शकतो. आम्हीं जन्मभर दाखले लिहिले. दाखल्यांतील एका ओळीचें वजन आम्हांस ठाऊक आहे. यास्तव परवानगीवांचून उचल देऊं नये. आधीं वाटेवर मुरूम टाकून पाहावा.

आमच्या बंधूंनीं पुढील हंगामांत तेंच केलें. चौघां शेजाऱ्यांनीं मिळून वाट दुरुस्त केली, मोठे टायर काढले, हौदा खालीं बसविला, आणि आठही बोल्ट 8.8 चे नवे घातले. त्या आठ बोल्टांस जो पैसा लागला, तो ओढ्यांत गेलेल्या उंसाच्या एका मोळीच्या शोकापुढें कांहींच नव्हता. तुटलेला एक बोल्ट आम्हीं घरीं दिवळींत ठेवला आहे. कोणी शेतकरी बंधु "जोड देऊन भागेल" असें म्हणत आला, तर आम्ही त्याच्याशीं वाद न घालतां तो बोल्ट त्याच्या हातीं देतों.