तंबूतला मुक्काम : सोयीचा आणि रानातला

सुट्टी जवळ आली, की आम्हां बेळगावकरांच्या घरोघर अलीकडे तंबूतल्या मुक्कामाचा विषय निघू लागतो. दक्षिणेस खानापूर तालुक्याचे अरण्य आणि त्यापलीकडे काळी नदीच्या काठची दांडेली. तेव्हा रानाची ओढ आम्हांस वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु मुले बरोबर असली म्हणजे तंबू रिसॉर्टच्या आवारात असावा की रानात, यावर दोन तट पडतात. ‘गादी, दिवा नि न्हाणीघर असलेला तंबू म्हणजे कापडी खोलीच!’ असे एक पक्ष म्हणतो; तर ‘लेकरांच्या जिवाशी खेळ कशाला?’ असे दुसरा विचारतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

वस्तुतः या दोहोंतील भेद कापडाचा नाही, जबाबदारीचा आहे. पाणी, विस्तव, निवारा आणि अडीअडचणीला मदत या चार गोष्टींची काळजी रिसॉर्टमध्ये दुसरे कोणी वाहते; रानात ती आपणांसच वाहावी लागते. काळी नदीचेच उदाहरण घेऊ. दांडेलीच्या वरच्या अंगास सुपा धरण आहे. वीज निर्माण करण्यासाठी तेथून पाणी सोडले, म्हणजे लख्ख ऊन असतानाही खालच्या पात्रातील पाणी चढते. तेथील जाणत्या माणसास हे ठाऊक असते. नवखा मात्र पाण्यालगतच्या सपाट वाळूवर खुशाल बिऱ्हाड मांडतो.

रात्रीची गोष्टही तशीच. मण्यार हा विषारी साप बहुधा रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास डसतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून तंबूचा तळ शिवलेला व दार घट्ट मिटणारे हवे. सर्पदंश झालाच, तर जखम न कापता, करकचून न बांधता, रोग्यास हालचाल करू न देता रुग्णालय गाठावे. यासाठी जवळचे रुग्णालय कोठे आहे व तेथे प्रतिविष मिळते की नाही, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवले पाहिजे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडांच्या चाव्याने होतो. तेव्हा अंगभर कपडे घालणे आणि सायंकाळी मुलांचे अंग तपासणे, हे रानाजवळच्या रिसॉर्टमध्येही चुकवू नये.

शिवाय रानात वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवानगीवाचून शिरण्यास आणि रानास धोका पोहोचेल असा जाळ करण्यास मनाई आहे. खानापूरकडील भीमगड हे असेच अभयारण्य. म्हणून कुटुंबाने वनखात्याने नेमून दिलेली जागा घ्यावी, अथवा रानाकडेच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या शेतात उतरावे.

मग एवढी यातायात करून रानात जावयाचे कशासाठी? ज्या मुलाने ओढ्यावरून कळशी आणून, पाणी गाळून खळखळ उकळले, त्यास पाण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरविले. तेथे मुलांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीचा नायक मुलांमधूनच नेमला होता. बालवीर चळवळीचा उगम या शिबिरात आहे. मुलांवर काम सोपविणे, हे त्याचे मर्म होय.

ते मर्म सांभाळावयाचे, तर पायरीपायरीने जावे, हे उत्तम. पहिली रात्र घरच्या अंगणात किंवा गच्चीवर काढावी. दुसरी रिसॉर्टमध्ये, मात्र तेथे तंबू मुलांनी उभारावा, एक वेळची खिचडी मुलांनी शिजवावी व केरकचरा मुलांनी गोळा करून परत आणावा. एवढे जमले म्हणजे रानाचा विचार करावा.

रानात जाऊनही मुले नुसती बसून राहिली आणि वडीलमाणसे राबली, तर ते रिसॉर्टच झाले. आणि रिसॉर्टमध्येही मुलांचे हात कामाला लागले, तर रानाची वाट तेथूनच सुरू होते. यंदाच्या सुट्टीत कोठे जावयाचे हे घरातील वडीलमंडळी ठरवतील; विद्यार्थिमित्रांनो, तेथे आपल्या वाट्याला कोणते काम येणार, हे मात्र तुम्ही आधी विचारून घ्या.