दोन इंटरनेट घेतली, तरी मीटिंग का तुटते?

घरून काम करणारे अनेक जण फायबरच्या जोडीला दुसरी लाइन घेतात. दोन्ही लाइन ज्या राउटरला जोडता येतात, तो 'ड्युअल वॅन' राउटर. एक बंद पडली की त्याने दुसरीवर जायचे, याला 'फेलओव्हर' म्हणतात. निदान तशी अपेक्षा असते!

गोची अशी, की रस्ता खोदताना बाहेर केबल तुटली तरी घरातला मोडेम सुरूच असतो. काही राउटर फक्त मोडेमपर्यंतची जोडणी तपासतात आणि बंद लाइनवरच अडून बसतात. म्हणून सेटिंगमध्ये तपासणीसाठी बाहेरचे दोन पत्ते द्या, उदा. ८.८.८.८ आणि १.१.१.१. सलग तीनदा उत्तर आले नाही तरच लाइन बदलायची, असेही ठरवा. नाहीतर जरा अडखळले की राउटर इकडून तिकडे उड्या मारेल.

'लोड बॅलन्सिंग'मध्ये दोन्ही लाइन एकाच वेळी वापरल्या जातात. पण १०० आणि ५० एमबीपीएस मिळून एका डाउनलोडला सहसा १५० मिळत नाहीत. मुलांचा व्हिडिओ एकीवर, तुमचे काम दुसरीवर, एवढेच. बँकेची साइट मध्येच लॉगआउट करत असेल, तर तिला एकाच लाइनवर बांधून ठेवा.

लाइन बदलताना आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे चालू कॉल काही सेकंद तुटू शकतो. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर मात्र झाड पडले की दोन्ही गेल्या. तिथे दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कचीच हवी.