अंधाराचा वारसा

श्वानाच्या क्षीण होणाऱ्या दृष्टीची पहिली चाहूल बहुधा दिवेलागणीला लागते. दिवसा अंगणभर बागडणारे जनावर काळोख पडताच पायरीशी थबकते, परिचित वाटेवरही माणसाला बिलगून चालते. घरचे त्याला वयाचा दोष मानतात. परंतु ही ‘प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी’ या आनुवंशिक विकाराची सुरुवात असू शकते.

डोळ्याच्या पडद्यावर मंद प्रकाश टिपणाऱ्या आणि उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. या विकारात सामान्यतः पहिल्या पेशी आधी मरतात, म्हणून रात्रीची दृष्टी जाते. कालांतराने दिवसाचीही जाते. वेदना होत नाहीत. मात्र हा ऱ्हास थांबवणारे औषध नेहमीच्या उपचारांत नाही. पुढे अनेकदा मोतीबिंदूही होतो. तो काढला तरी क्षीण झालेला पडदा पूर्ववत होत नाही.

स्वीडनमधील गॉर्डन सेटर जातीत १९११ साली या विकाराची नोंद झाली. आज तो लॅब्रॅडोर, कॉकर स्पॅनियल, पूडल अशा अनेक जातींत आढळतो. त्याचे बहुतेक प्रकार अप्रभावी जनुकाने संक्रमित होतात. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला श्वान आयुष्यभर उत्तम पाहतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात. अशा दोन वाहकांची जोडी लावल्यास प्रत्येक पिलाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के, तर वाहक होण्याची ५० टक्के असते. अनेक जातींत लक्षणे प्रौढपणीच दिसतात. तोवर त्या श्वानाला पिले झालेलीही असू शकतात.

म्हणूनच देखणे रूप आणि वंशावळीचा कागद पाहून केलेली निवड अपुरी ठरते. तो कागद पूर्वजांची नावे सांगतो, त्यांच्या जनुकांविषयी मौन बाळगतो. ‘पीआरसीडी’ या प्रकाराला कारणीभूत असलेला जनुकदोष २००६ साली उघड झाला. रक्ताच्या किंवा गालाच्या आतील बाजूच्या नमुन्यावरून तो तपासता येतो. वाहक आढळला म्हणून त्याला टाकून देण्याचे कारण नाही. त्याची जोडी दोषमुक्त श्वानाशीच लावल्यास त्या दोषाने अंध होणारे पिलू जन्मत नाही. पिलू घेणाऱ्याने माता-पित्यांचे तपासणी-अहवाल मागावेत. ग्राहक आग्रही राहिला, तरच पैदास करणारा सावध होतो.

ज्याची दृष्टी गेली आहे, त्यालाही घरात सुखाने राहता येते. घ्राण व श्रवण यांच्या आधारे तो वावरतो. सामानाची जागा बदलू नये, पाण्याचे भांडे ठरल्या ठिकाणी ठेवावे, जिन्याला आडोसा करावा आणि स्पर्श करण्यापूर्वी नावाने हाक मारावी. मात्र त्याची पुढील वीण होऊ देऊ नये. अंध जिवाची सेवा हे प्रेमाचे काम खरे. परंतु ते अंधत्व जन्मापूर्वीच टाळता येत असताना न टाळणे, ही माणसाची हयगय होय.