दुराव्याचे मोजमाप

वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे सर्वेक्षणे केली असल्यामुळे प्रश्नावली घेऊन दाराशी येणारी व्यक्ती तेथील गावांना नवखी नाही. मात्र बालकाचे वजन जसे काट्यावर ठेवून कळते, तसा एका समाजाच्या मनातील दुसऱ्याविषयीचा दुरावा कळत नाही, कारण तो ज्याच्या मनात असतो त्यालाच त्याविषयी विचारावे लागते.

आपल्या समूहाच्या चालीरीतींना प्रमाण मानून इतरांची पारख करण्याच्या वृत्तीला समाजशास्त्रात स्वसमूहकेंद्रितता म्हणतात आणि ही संकल्पना विल्यम ग्रॅहम समनर यांच्या १९०६ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. अनुभवाआधीच बनलेले प्रतिकूल मत म्हणजे पूर्वग्रह, तर त्या मतानुसार प्रत्यक्ष केलेले वर्तन म्हणजे भेदभाव. या दोहोंची मोजणी वेगवेगळ्या मार्गांनी करावी लागते.

एमरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील स्थलांतरितांविषयीची मते मोजण्यासाठी सामाजिक अंतराची सात पायऱ्यांची श्रेणी मांडली. अमुक समाजाच्या माणसाशी विवाहसंबंध चालेल का, मैत्री, शेजार, एकत्र काम चालेल का, असे विचारत ती त्याला देशाबाहेर ठेवण्यापर्यंत जाते. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार यांतील भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या महाराष्ट्राला ही उतरंड समजावून सांगावी लागत नाही, आणि जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात आहे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोगार्डस यांच्याही आधी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते.

तोंडी उत्तर आणि वर्तन यांत अंतर पडते, ही या सर्व श्रेण्यांची मोठी अडचण आहे. रिचर्ड लापियर यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला तेव्हा २५१ उपाहारगृहे व निवासस्थानांपैकी केवळ एकाने प्रवेश नाकारला, परंतु नंतर पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्या १२८ पैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. भारतात बहुधा उलटे घडते, कारण अस्पृश्यता कायद्याने गुन्हा असल्याने ती कबूल करणे अवघड असते. म्हणून २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरात अस्पृश्यता पाळली जाते का, असे आधी विचारून, नकार देणाऱ्यांना अनुसूचित जातीच्या व्यक्तीने स्वयंपाकघरात येणे किंवा घरची भांडी वापरणे चालेल का, असा दुसरा प्रश्न केला गेला. दोन्ही उत्तरे मिळून देशातील सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता आढळली. अशी कबुली खऱ्या प्रमाणापेक्षा कमीच असण्याची शक्यता अधिक.

या अडचणीवर विदर्भाच्याच, अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह काढलेला मार्ग फार मोलाचा आहे, कारण त्यात कोणालाही मत विचारावे लागले नाही. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. समान पात्रतेच्या अर्जांत उमेदवाराचे नाव तेवढे सवर्ण हिंदू, दलित किंवा मुस्लिम वाटेल असे बदलले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढील फेरीचे बोलावणे येण्याचे गुणोत्तर, सवर्ण नाव १ धरल्यास, दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ इतके निघाले. मुलाखतीची वेळही आलेली नसताना केवळ आडनावाने दार बंद होते, हे आकड्याने सिद्ध झाले, आणि आरक्षणाबाहेरच्या खासगी क्षेत्रात गुणवत्ताच पाहिली जाते हा दावा त्यापुढे टिकत नाही.

वर्धा जिल्ह्यात अशी मोजणी करायची झाल्यास प्रश्नावलीत केवळ जात व धर्म पुरेसे होणार नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत पारधी गणले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाल्यावर संशय प्रथम कोणत्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, वळतो, परप्रांतातून आलेल्या मजुराला भाड्याने खोली मिळते का, आणि हे प्रश्न विचारणारा माणूस स्वतः कोणत्या समाजाचा आहे, यांचीही नोंद करावी लागेल. त्याहून आवश्यक म्हणजे ज्यांच्याविषयी मत विचारले जाते त्या बेड्यातील आणि खोलीतील माणसांनाही तोच प्रश्न उलट बाजूने विचारणे: दार कोणी लावले, केव्हा लावले, आणि काय कारण सांगितले.