पंचवीसपैकी चौथी प्रत

गेल्या महिन्यात कोथरूडचे एक गृहस्थ जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन माझ्या दारात उभे राहिले. 2013 मध्ये त्यांनी माझ्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रिंट होती ती. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, नव्या घराचं इंटिरिअर सुरू झालं आणि डेकोरेटरने भिंतींसाठी दुसरी चित्रं ठरवली. "सर, तुम्हीच ठेवा. पैसे नकोत," ते म्हणाले. मग चपला घालता घालता थांबले. "तो म्हणत होता, हे एआयचं वाटतं. खरं आहे ना हो?"

फोटो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा, इंद्रवज्राचा. प्रिंट परत आल्याचं दुःख मी गिळलं असतं. हा प्रश्न मात्र अजून गळ्यात अडकून आहे.

नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेल्विया फिल्मच्या स्लाइड घेऊन दिवाळी अंक आणि कॅलेंडरवाल्यांकडे खेटे घालायचे. छापून आलं तर मानधन, नाही तर स्लाइड परत, पुष्कळदा ओरखड्यांसकट. एका कलादालनात मला ऐकवलं गेलं की फोटो यंत्र काढतं, त्यात कलावंताचं काय? ते वाक्य मी विसरलेलो नाही.

माझं खरं दशक 2009 ते 2018. स्वतःचं संकेतस्थळ केलं आणि कलादालनाच्या उंबऱ्याची गरजच संपली. पहिली मोठी ऑर्डर न्यू जर्सीच्या एका गृहस्थांकडून आली. जन्म जुन्नरचा, तीस वर्षं तिकडे. त्यांना शिवनेरी हवा होता, पण "आमच्या घराच्या मागच्या दारातून दिसायचा तसा." त्यांनी गल्लीचा नकाशा हाताने काढून पाठवला होता. मी दोनदा जुन्नरला गेलो. त्या दशकात असं गिऱ्हाईक मिळायचं. ते पत्र लिहायचं, वाट पाहायचं, कागद कोणता विचारायचं. 2011 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात आंद्रेआस गुर्स्कीचा 'ऱ्हाईन 2' हा फोटो 43 लाख डॉलरना गेला. आम्हा डोंगरात फिरणाऱ्यांचा त्या आकड्याशी काय संबंध! पण फोटोच्याही प्रती मोजून काढतात, हे समजावणं त्यानंतर सोपं गेलं.

2012 मध्ये निकॉनचा डी 800 कॅमेरा आला. 3.6 कोटी पिक्सेल म्हणजे 16 बाय 24 इंचांची प्रिंट इंचाला 300 ठिपके ठेवून, फाइल न ताणता निघते. त्याच सप्टेंबरात तो घेऊन पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. गावात ज्यांच्या घरी उतरायचो, ते दादा सोबत होते. रात्री मंदिराजवळच्या गुहेत राहिलो. सकाळी कड्यावर पोचलो तेव्हा खाली कोकण नव्हतंच, नुसते ढग. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि आपली सावली समोरच्या ढगावर पडते. पावणेआठला त्या सावलीभोवती रंगांचं कडं उमटलं. दादा शेजारीच होते. मी म्हणालो, "बघा, माझ्या डोक्याभोवती!" ते म्हणाले, "न्हाय वो, माझ्या डोक्याभवती हाये." दोघांचंही खरं होतं. इंद्रवज्र ज्याचं त्यालाच दिसतं. ते बघणाऱ्याच्या सावलीभोवतीच उमटतं, शेजारच्याची सावली दिसली तरी तिच्याभोवतीचं कडं आपल्याला दिसत नाही.

त्या फोटोच्या प्रिंटला अकरा दिवस लागले. कागद हानेम्यूलेचा फोटो रॅग, सुती, 308 ग्रॅमचा. पडद्यावर ढग स्वच्छ करडे होते, कागदावर त्यांना जांभळट झाक आली. लॅबमधले काका चाचणी प्रिंटची पट्टी हातात धरून खिडकीशी जायचे, मग ट्यूबलाइटखाली, परत खिडकीशी, आणि मान हलवायचे. चौथ्या पट्टीला ते फक्त "हं" म्हणाले. पिगमेंटची शाई, एक पूर्ण दिवस वाळवल्याशिवाय त्यांनी कागद गुंडाळू दिला नाही. हातमोजे घालून मी मागे पेन्सिलीने लिहिलं, कोकणकडा, सप्टेंबर 2012, सकाळी 7.45, प्रत 4/25. पहिली रवानगी पावसात कुरिअरमध्ये वाकली. दुसरी प्रत माझ्या खर्चाने काढली आणि वाकलेली फाडली, कारण चौथी प्रत एकच असायला हवी.

हे सगळं कधी संपलं, त्याचा एक दिवस सांगता येणार नाही. लोक फोटो मोबाइलवर पाहू लागले. तिथलं 1080 पिक्सेल रुंदीचं चित्र त्याच 300 ठिपक्यांनी छापलं, तर जेमतेम साडेतीन इंच भरतं. पण तेवढ्यात डोळ्याचं समाधान होऊ लागलं. प्रिंट विकून देणाऱ्या एका संकेतस्थळाने माझे दोनशे फोटो चार वर्षं ठेवले, महिनाभराची सूचना देऊन दुकान बंद केलं, शेवटच्या सहा प्रिंटचे पैसे आलेच नाहीत. काकांची लॅब 2019 मध्ये बंद झाली. 2022 मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन आले. आता कोणीही न उठता, न चढता, हवं तसं इंद्रवज्र काढून कॅनव्हासवर छापून घेतं.

यंत्राशी माझं भांडण नाही, मीही यंत्रच वापरलं. माझं भांडण त्या संशयाशी आहे. खोटं स्वस्त झालं की खऱ्यालाच साक्षीदार आणावे लागतात. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी मला कधी विचारलं नाही की शिवनेरी खरा आहे का. त्यांनी विचारलं, "आमचं दार सापडलं?"

फ्रेम उघडली. काचेच्या कडेने माउंट पिवळा पडला होता, प्रिंट तशीच. काकांनी "हं" म्हटलेली पट्टी मी जपून ठेवली आहे. खिडकीशी जाऊन ती शेजारी धरली. बारा वर्षांत करड्यात तसूभर फरक नाही. आणि रंगांच्या कड्याच्या मधोमध माझी सावली. ती तिथे पडायला मला तिथे उभं राहावं लागलं होतं. तिच्या उजवीकडे, कड्याबाहेर, आणखी एक सावली आहे, मुंडासं बांधलेली. त्या फोटोच्या चौदा प्रती मी विकल्या. दादांना मात्र तो फोटो फक्त मोबाइलवर दाखवला, दरवर्षी, आणि ते दरवर्षी म्हणाले, "झ्याक."

चौथी प्रत पुन्हा विकायला काढणार नाही. माउंट बदलायला दिला आहे. पाऊस उघडला की ती पाचनईला घेऊन जाईन. मागे पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे, सोबत कोण होतं त्याची.