क्रीडासंघटनांचे सुशासन
क्रीडासंघटनांचा कारभार लिखित नियमांनुसार, पारदर्शक रीतीने, मुदतबंद निवडणुकांद्वारे व खेळाडूंच्या हिताला बांधील राहून चालविण्याची व्यवस्था. बहुतेक क्रीडासंघटना कायद्याच्या दृष्टीने खाजगी संस्था होत. तथापि देशाच्या नावाने संघ निवडणे, स्पर्धांना मान्यता देणे, खेळाडूंवर बंदी घालणे ही त्यांची कामे सार्वजनिक स्वरूपाची असतात. एका देशात एका खेळासाठी सामान्यतः एकाच संघटनेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळत असल्याने अन्याय झालेल्या खेळाडूस दुसरीकडे जाण्याची सोय नसते. शिवाय खेळाडू हा बहुधा संघटनेचा सभासदच नसतो. सभासद असतात त्या राज्य व जिल्हा संघटना, आणि मतेही त्यांचीच. सुशासनाचा प्रश्न मुख्यतः या दोन गोष्टींतून उद्‌भवतो.

सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद देताना झालेली लाचलुचपत उघडकीस आल्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये अध्यक्षपदाला कालमर्यादा घातली व सक्रिय खेळाडूंना समितीत स्थान दिले. जागतिक फुटबॉल महासंघानेही २०१५ मधील अटकसत्रानंतर २०१६ मध्ये अशीच पावले उचलली. दोन्ही ठिकाणी सुधारणा आली ती प्रतिष्ठा गेल्यानंतर, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतात क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. १९७५ पासूनची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०११ ची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता यांनी पदाधिकाऱ्यांचे वय व कार्यकाल यांवर मर्यादा घातल्या. पण त्यांचा अंमल मान्यता आणि अनुदान यांच्या अटींमधूनच होत असे. ज्या संघटनेला अनुदानाची गरज नाही, तिच्यावर हा अंकुश चालत नव्हता. १९२८ मध्ये स्थापन झालेले भारतीय क्रिकेट नियामक मंडळ हे याचे ठळक उदाहरण होय.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मंडळाच्या व्यवहारांत व्यापारी हितसंबंध ठेवण्यास मनाई करणारा नियम पूर्वीपासून होता. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा वगळण्यात आली. परिणामी जो नियामक तोच संघाचा मालक, अशी स्थिती निर्माण झाली. २०१३ मधील सट्टेबाजी व सामनानिश्चिती यांच्या प्रकरणात मंडळाने नेमलेली चौकशी समिती मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविली. हा दावा मंडळाची मान्यता नसलेल्या बिहारमधील एका क्रिकेट संघटनेने आणला होता. मान्यताप्राप्त सभासदांपैकी कोणीही आणला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ रोजी ती नियमदुरुस्ती रद्द केली आणि मंडळ सार्वजनिक कार्ये पार पाडत असल्याने ते उच्च न्यायालयांच्या प्राधिलेख-अधिकारितेखाली येते, असा निर्णय दिला. त्याच निकालाने न्या. रा. म. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

लोढा समितीच्या शिफारशी न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये बहुतांशी स्वीकारल्या. नऊ जणांच्या शिखर परिषदेत पाच निर्वाचित पदाधिकाऱ्यांबरोबर खेळाडूंच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी (एक पुरुष व एक स्त्री) आणि महालेखापरीक्षकांचा एक प्रतिनिधी असावा. मंत्री व सत्तर वर्षांवरील व्यक्ती पदासाठी अपात्र असाव्यात. लोकपाल, नीतिअधिकारी व निर्वाचन अधिकारी स्वतंत्र असावेत, ही त्यांतील प्रमुख कलमे. मंडळाने टाळाटाळ केल्यावर जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने अध्यक्ष व सचिव यांना दूर करून प्रशासक समिती नेमली.

सर्वाधिक वाद ‘एक राज्य, एक मत’ या तत्त्वावरून झाला. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ अशा तीन संघटना, गुजरातमध्येही तीन. उलट ईशान्येकडील अनेक राज्यांना मतच नव्हते. २०१७ च्या घटनेनुसार रणजी करंडक सर्वाधिक वेळा जिंकणाऱ्या मुंबईचे स्वतंत्र मत गेले. विदर्भाचीही गत तीच झाली, आणि त्या संघाने तर जानेवारी २०१८ मध्ये प्रथमच हा करंडक जिंकला. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने खेळातील ऐतिहासिक योगदान ध्यानात घेऊन सहाही संघटनांना पूर्ण सभासदत्व दिले. ही तडजोड व्यवहार्य होती. खरा लाभ मात्र वेगळाच होता : २०१८-१९ च्या हंगामात बिहार, मेघालय, मिझोराम आदी नऊ संघ रणजी स्पर्धेत आले आणि संघांची संख्या २८ वरून ३७ झाली. पदांच्या कालमर्यादेची धार मात्र उत्तरोत्तर बोथट झाली. प्रत्येक तीन वर्षांच्या मुदतीनंतर सक्तीची विश्रांती ही मूळ शिफारस २०१८ मध्ये दोन मुदतींनंतर अशी झाली, आणि २०२२ मध्ये राज्य संघटना व मंडळ यांतील मुदती वेगवेगळ्या मोजण्याची मुभा मिळाल्याने सलग बारा वर्षे पदावर राहणे शक्य झाले.

न्यायालयाचा वा शासनाचा हस्तक्षेप वाढला, की आंतरराष्ट्रीय महासंघ स्वायत्ततेचा प्रश्न उपस्थित करतात आणि शिक्षा खेळाडूंच्या वाट्याला येते. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित झाल्याने फेब्रुवारी २०१४ मधील सोची येथील उद्‌घाटन-संचलनात भारतीय खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. ऑगस्ट २०२२ मध्ये फुटबॉल महासंघावरील निलंबन अवघे अकरा दिवस टिकले. पण तेवढ्यात, आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळ महिला संघाला न खेळताच परतावे लागले. याउलट २०२३ मध्ये कुस्ती महासंघाचे निलंबन झाले ते निवडणुका वेळेवर न घेतल्यामुळे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने प्रथमच या क्षेत्राला वैधानिक चौकट दिली. मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ व तंट्यांसाठी न्यायाधिकरण यांची तरतूद तीत आहे. कार्यकारी समिती जास्तीत जास्त पंधरा जणांची असून तीत किमान चार स्त्रिया व दोन गुणवंत खेळाडू असणे आवश्यक आहे. मात्र माहितीच्या अधिकाराची तरतूद शासकीय अनुदान वा अन्य आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संघटनांपुरती आणि त्या निधीच्या विनियोगापुरतीच मर्यादित ठेवण्यात आली आहे.